पायऱ्या बुजवणाऱ्यांच्या बाजूने

बारवांच्या स्लाइड दाखवत गावोगाव हिंडणारी जी हौशी मंडळी आहेत, त्यांतला मी एक. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे. सुट्टीच्या दिवशी मात्र हातात कोयता, पायात गमबूट आणि कुठल्या तरी शिवारात घाणेरीच्या जाळीत दडलेली बारव. मापं घ्यायची, फोटो काढायचे, गावकऱ्यांना गोळा करून श्रमदानाची तारीख ठरवायची आणि संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर पडदा लावून बोलायचं.

या बोलण्यात एक उतारा हमखास टाळी घ्यायचा. आधी पाटणची राणी की वाव, मग खिशातून शंभराची नवी नोट काढून तिच्या मागच्या बाजूवर तीच वाव दाखवायची. मग साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर, परभणी जिल्ह्यातल्या वालूरची गोल गोल उतरत जाणारी बारव, आणि शेवटी एकदम एक दरिद्री फोटो: कोरीव चौकटीच्या मधोमध घातलेली विटांची भिंत, वर सिमेंटचा कठडा, कठड्यावर गंजलेली कप्पी. "हे कुणी केलं?" असं मी विचारायचो. उत्तरही मीच द्यायचो. आधी गोऱ्या साहेबाने केलं, कारण त्याला आपल्या पाण्याची किळस होती. नंतर आपल्याच सरकारी साहेबांनी केलं, कारण त्यांना नळ आणि हातपंपापलीकडचं पाणी कळत नव्हतं.

तो उतारा मी आता भाषणातून काढून टाकला आहे. ज्यांनी त्या पायऱ्या बंद केल्या ते बरोबर होते, असं माझं आजचं मत आहे. बारवांवर जीव असलेल्या माणसाने असं म्हणणं आमच्या मंडळींना रुचत नाही. मलाही ते सहजासहजी रुचलेलं नाही. म्हणून ते कसं बदललं हे एकदा सविस्तर लिहावं म्हणतो.

आधी बारवेची बाजू. ती खरीच आहे आणि मी ती सोडलेली नाही. आपल्या कोरडवाहू मुलखात पाणी वर्षभर एका पातळीवर राहत नाही. श्रावणात हाताला लागणारं पाणी वैशाखात चाळीस-पन्नास फूट खाली जातं. बारव बांधणाऱ्याने यावर काढलेला तोडगा असा की, पाणी खाली गेलं तर माणसानेही त्याच्या मागे खाली जावं. म्हणून पायऱ्या, मध्ये टप्पे, टप्प्यांवर कोनाडे, कोनाड्यांत देव. एका बाजूने उतरण असेल तर नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया, चारी बाजूंनी विजया अशी शास्त्रातली नावं आहेत. वाटसरूकडे दोर-पोहरा नसला तरी त्याची तहान भागते. भर उन्हात खालच्या टप्प्यावर बसलं की वरच्या जगाचा विसर पडतो. अहिल्याबाईंनी बांधलेल्या बारवांपाशी लोक अजून त्यांचं नाव हात जोडून घेतात, ते उगीच नाही.

या पायऱ्या बंद झाल्या त्या नारूमुळे: पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरून पायातून दोऱ्यासारखा बाहेर पडणारा किडा. तो मला माहीत नव्हता असंही नाही. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या पेपरात तो असायचा. नारू कशामुळे होतो? सायक्लॉप्समुळे. एक गुण. त्या एका गुणापलीकडे तो माझ्या डोक्यात कधी गेलाच नव्हता.

मराठवाड्यातल्या एका गावी आम्ही बारव साफ करत होतो. गाळ निघाला, खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या, नितळ झरा लागला. पोरं खूश. मी उत्साहात सांगून टाकलं की, येत्या पाडव्याला मधली भिंत पाडू आणि या पाण्याची पहिली ओंजळ गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला देऊ. वडीलधारं माणूस काठावरच बसलं होतं. एक आजी, सत्तरीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "मला नगं बाबा तुझी ओंजळ."

मला वाटलं, थट्टा करतात. पण त्यांनी लुगडं वीतभर वर घेतलं आणि घोटा पुढे केला. घोट्याच्या आतल्या बाजूला एक, त्याच्या जरा वर दुसरा, पोटरीवर तिसरा. जुने, चकचकीत, सुरकुतलेले व्रण. त्या पायाचा घोटा पुरता वाकत नव्हता. आजी सांगत होत्या ते असं: "चैतात फोड यायचा. आग आग व्हायची, वाटायचं पाय तोडून टाकावा. मग हितंच खाली यायचं, घागर भरायच्या आधी पाय पान्यात सोडून बसायचं. लई बरं वाटायचं बघ. बरं वाटलं की घागर भरायची आन् घरी जायाचं." मी विचारलं, "त्याच पाण्याने?" त्या म्हणाल्या, "मग दुसरं कुठलं व्हतं?"

पुढे त्यांनी सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. पांढरा दोरा फोडातून डोकावला की वैदू किंवा घरातलंच कुणी तरी तो काडीला गुंडाळायचं. रोज थोडासा, दोन बोटं फार तर. घाई केली की तुटायचा आणि तुटला की पाय सुजून खांब. एका वर्षी तो पेरणीच्या तोंडावर तुटला. नवरा आधीच त्याच दुखण्याने खाटेवर. त्या वर्षी त्यांचं रान पडीक राहिलं. "ह्या पायऱ्यांनी माजा एक पावसाळा खाल्ला," असं त्या म्हणाल्या, पण रागाने म्हणाल्या असं मात्र नाही. पुढे आरोग्य खात्याची माणसं आली, त्यांनी भिंत घातली, कप्पी बसवली. "तवा लई भांडले लोक. मी नाय भांडले."

त्या रात्री मी घरी येऊन बारवेचा माझाच नकाशा काढला आणि त्याच्या शेजारी नारूचं आयुष्य मांडायला बसलो. पुढचे काही महिने मिळेल ते वाचत गेलो. मला बसलेला धक्का असा की, ही दोन चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसतात.

नारूची मादी मीटरभर लांब भरते आणि जाडीला जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणजे शिजलेल्या शेवईसारखी. नर अगदीच चिमुकला. तो शरीराच्या आत मादीला फळवतो आणि तिथेच मरतो, त्याची कुणाला गंधवार्ताही लागत नाही. मादी मात्र कातडीखालून सरकत बहुधा पायाकडे उतरते. दहामधल्या आठ-नऊ वेळा ती गुडघ्याखालीच बाहेर पडते. पायच का? कारण माणसाचा पाण्यात जाणारा अवयव तोच. तिथे ती कातडीला फोड आणते आणि त्या फोडाची आग अशी की, माणसाने आपण होऊन पाय गार पाण्यात घालावा. पाण्याचा स्पर्श झाला की मादी आकसते आणि दुधासारखा पांढरट स्राव सोडते. त्यात लाखो अळ्या असतात. म्हणजे आजींना जे "बरं वाटायचं", त्या बरं वाटण्यावरच हा सगळा कारभार चालतो. दुखणाऱ्या पायाला गार पाणी हवंसं वाटणं, यात बाईचा दोष कसला? वेदनाच त्या किड्याने कामाला लावलेली असते.

या अळ्यांकडे वेळ फार नसतो. दोन-तीन दिवसांत त्यांना सायक्लॉप्सने गिळलं नाही तर त्या मरतात. सायक्लॉप्स म्हणजे साचलेल्या पाण्यात टुणटुण उड्या मारत पोहणारा कवचधारी जीव, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडासमोर धरलं तर नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखा दिसतो. वाहत्या नदीत तो क्वचित, नळाच्या पाण्यात नाहीच. बारवेत भरपूर. सायक्लॉप्सच्या पोटात अळी साधारण पंधरा दिवसांत तयार होते. मग तो सायक्लॉप्स घागरीत येतो, घागरीतून तांब्यात, तांब्यातून पोटात. पोटातल्या आम्लाने तो मरतो, अळी सुटते, आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते आणि पुढचं सुमारे एक वर्ष तिथे काही चाललं आहे हे त्या माणसाला कळतही नाही.

एक वर्ष. माझ्या मते सगळ्या गोष्टीची खुंटी इथे आहे. दख्खनच्या पठारावर नारूचा जोर असायचा उन्हाळ्यात. त्या दिवसांत बारवेचं पाणी सगळ्यांत खाली गेलेलं असतं, थोडं उरलेलं असतं, त्यामुळे सायक्लॉप्सची दाटी सगळ्यांत जास्त. गावाला दुसरं पाणी नसतं, म्हणून झाडून सगळा गाव तळाच्या पायरीपर्यंत उतरतो, पाय पाण्यात घालतो आणि तेच पाणी भरून नेतो. या उन्हाळ्यात प्यायलेला नारू बरोबर पुढच्या उन्हाळ्यात बाहेर पडतो, त्याच पायरीवर, तितक्याच थोड्या पाण्यात. पाणी खाली गेलं तर माणसाने त्याच्या मागे खाली जावं, हा जो बारवेचा मोठेपणा मी स्लाइडवर सांगत होतो, तोच नारूच्या पथ्यावर पडत होता. बारव वाईट बांधली म्हणून नारू व्हायचा असं मुळीच नाही. ती जितकी उत्तम बांधलेली, जितकी वर्षभर तळापर्यंत उतरता येणारी, तितकी त्याची सोय मोठी.

सायक्लॉप्सचा धागा प्रथम पकडला तो अलेक्सेई फेदचेंको या रशियन निसर्गअभ्यासकाने, 1870 च्या सुमारास, तुर्कस्तानात. (हा बिचारा तिशी गाठायच्या आतच आल्प्समध्ये बर्फावर गारठून गेला.) पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट लायपर यांनी नारूबाधित सायक्लॉप्स माकडाला खाऊ घालून त्याच्या शरीरात वाढलेला नारू दाखवला. माणसाच्या बाबतीत मात्र शंकेला जागा होती. ती जागा बुजवली आपल्या मुंबईत, परळच्या सरकारी प्रयोगशाळेत. हीच पुढे हाफकिन संस्था झाली. तिथे डी. ए. तर्खड यांनी असे सायक्लॉप्स माणसाला पाजून नारू होतो हे दाखवलं. प्रयोगशाळेच्या 1913 सालच्या अहवालात ती हकीकत आहे. आजच्या नियमांत असला प्रयोग कुणी करू देणार नाही आणि देऊही नये. पण मला यात खटकलं ते निराळंच. "गोऱ्या साहेबाची किळस" म्हणून मी ज्याची टवाळी करत होतो, त्या निष्कर्षाचा शेवटचा पुरावा एका मराठी डॉक्टरने, परळमध्ये बसून, मिळवलेला होता. माझ्या भाषणातला तो साहेब मला तिथेच टाकून द्यावा लागला.

1930 च्या दशकात तिकडे म्हैसूर संस्थानातल्या चित्रदुर्ग भागात व्ही. एन. मूर्ती यांनी याच पायविहिरींवर काम केलं. सायक्लॉप्स खाणारे मासे विहिरीत सोडून पाहिले. उपाय तेव्हापासून माहीत होते. नव्हती ती गावोगाव ते पोचवण्याची निकड.

ती यायला 1983-84 साल उजाडावं लागलं. देशभराचा नारू निर्मूलन कार्यक्रम तेव्हा सुरू झाला. पहिल्या मोजदादीत 7 राज्यांत मिळून जवळपास 40 हजार रुग्ण सापडले. महाराष्ट्र त्या सातांत होता. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू हे बाकीचे. आता या कार्यक्रमाकडे औषधाचं काय होतं पाहा: काहीच नव्हतं. नारूवर गोळी नाही, इंजेक्शन नाही, लस नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. दर साली त्याच माणसाला होऊ शकतो. जंतांची गोष्ट वेगळी. शाळा-अंगणवाड्यांतून फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये पोरांना अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात आणि पोटातले गोल जंत, अंकुशकृमी काही काळ तरी उतरतात. हत्तीरोगावरही वर्षातून एकदा द्यायच्या गोळ्या आहेत. नारूपुढे डॉक्टर मात्र वैदूइतकाच हतबल होता. काडीला गुंडाळत बसायचं, जखम स्वच्छ ठेवायची, धनुर्वाताची सुई टोचायची, एवढंच.

म्हणून जे काही करायचं ते पाण्यापाशीच करणं भाग होतं. गावोगाव फिरून रुग्ण शोधायचे. फोड आलेल्या माणसाला पाण्यात पाय घालू द्यायचा नाही. पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्या म्हणून दारोदार सांगायचं, कारण सायक्लॉप्स एवढा मोठा असतो की साध्या सुती लुगड्याच्या घडीतही अडकतो. विहिरीत टेमेफॉस हे औषध मोजून टाकायचं, म्हणजे सायक्लॉप्स मरतात. आणि पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून वर कठडा बांधायचा, कप्पी बसवायची, म्हणजे पाणी वरून शेंदून काढावं लागेल आणि कुणाचा पाय त्याला लागणार नाही. माझ्या स्लाइडमधली ती विटांची भिंत ही अशी होती.

हे वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आला तो आमच्या वाड्याच्या मागचा आड. आडाला पायऱ्या कुठे असतात? अरुंद तोंड, दगडी कठडा, वर लाकडी रहाट. आडाच्या पाण्यात कुणाचा पाय पडत नाही. पडला तर तो माणूस बुडतो. म्हणजे कठडा-कप्पी ही काही विलायतेहून आणलेली कल्पना नव्हे. तीही आपल्याच पूर्वजांची. सरकारी माणसांनी केलं ते इतकंच की, बारवेचा आड केला. मी मात्र परंपरा म्हणजे फक्त कोरीव दगड धरून बसलो होतो. आडाचा फोटो माझ्या संग्रहात एकही नव्हता, तो दिसायला सामान्य म्हणून.

दुसरी गोष्ट हातपंपाची. त्यावरही मी भाषणात तोंडसुख घेत असे. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यात खडक फोडणारी यंत्रं आली आणि बोअर पडले. त्यांवर बसवलेले सुरुवातीचे ओतीव लोखंडी पंप पटापट मोडायचे. त्यावर उपाय निघाला तो जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यशाळांत. जालना पंप, सोलापूर पंप ही नावं जुन्या मेकॅनिकांना अजून आठवतात. सोलापूर पंपाच्याच धर्तीवर पुढे इंडिया मार्क दोन हा पंप झाला आणि तो जगभर गेला, नारू असलेल्या आफ्रिकेतल्या गावांतही. मी मराठी मुलखाचा अभिमान सांगत फिरत होतो आणि सोलापूरचा एवढा पराक्रम माझ्या भाषणात औषधालाही नव्हता.

आमच्यातल्या एका मित्राशी यावरून माझं बरंच वाजलं. त्याचे आक्षेप पोकळ नाहीत. तो म्हणतो, आडाला दोर लागतो, पोहरा लागतो आणि तो कुणाचा, कुणी शिवायचा हे प्रश्न लगेच उभे राहतात. पायऱ्या असल्या की निदान वाटसरूला कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. खरं आहे, फक्त पायऱ्यांवरून सगळ्यांना उतरू दिलं जात होतं असं मात्र कुणी समजू नये. तो म्हणतो, बोअरच्या पाण्याने नारू गेला पण फ्लोराइड आलं. तेही खरं. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत पिवळे-तपकिरी दात आणि वाकलेली हाडं ही त्या खोल पाण्याची देणगी आहे. शिवाय वरचं पाणी सोडून खालचं उपसायची सवय लागली ती लागलीच. तो म्हणतो, भिंत घातल्यावर बारवेकडे कुणी फिरकेना, म्हणून तिचा उकिरडा झाला. हे तर मी रोज पाहतो. गाळातून निघालेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, मेलेली कुत्री, गणपतीचे प्लास्टरचे हात मी स्वतः उपसले आहेत. कोरीव चौकटीत सिमेंट ओतताना जरा डोळा असता तर भिंत घालूनही शिल्प वाचवता आलं असतं, हे माझं म्हणणं आजही आहे.

पण या सगळ्यानंतर त्याने जो निष्कर्ष काढला, की मग पायऱ्या बंद करायलाच नको होत्या, तिथे मी त्याच्याबरोबर नाही. पाणी गाळा, पाय घालू नका, असं सांगून भागलं असतं, असं तो म्हणतो. सांगून भागतं का? ज्याच्या पायाची आग होते आहे त्याला भर वैशाखात, समोर गार पाणी असताना, "पाय घालू नका" हे सांगून बघावं. एका गावात शंभरातल्या नव्व्याण्णवांनी ऐकलं आणि एकाने नाही, तरी पुढच्या वर्षाची बेगमी झाली. दर दिवशी, दर माणसाच्या संयमावर विसंबण्यापेक्षा एक भिंत घालून मोकळं होणं मला आता शहाणपणाचं वाटतं. पडीक राहिलेल्या रानाची आणि खाटेवर पडलेल्या नवरा-बायकोची किंमत माझ्या मित्राच्या हिशेबात कुठेच येत नाही. माझ्याही नव्हती.

हिशेबाचं उत्तरही समोर आहे. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून शोध चालू होता, एकही मिळाला नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. बारा-तेरा वर्षांत, एकाही गोळीशिवाय, हजारो वर्षांचं दुखणं देशातून गेलं. देवीचं श्रेय लसीला जातं. नारूचं श्रेय कुणाला द्यायचं? फडकं, कप्पी, हातपंप, टेमेफॉसच्या बाटल्या आणि चपला झिजवणारे आरोग्यसेवक. आणि बुजवलेल्या पायऱ्या. यांपैकी कशाचाही पुतळा होत नाही.

जगातून तो पुरता गेलेला नाही. 1986 साली 35 लाखांच्या आसपास माणसांना दर वर्षी नारू होत असे असा अंदाज होता. 2024 साली पूर्ण जगात 15 जणांना झाला, ते चाड आणि दक्षिण सुदानमधले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी निवृत्तीनंतर हे काम हाती घेतलं होतं. शेवटचा नारू आपल्याआधी मरावा एवढी त्यांची इच्छा होती. डिसेंबर 2024 मध्ये कार्टर गेले, नारू थोडक्यात उरला. तो उरला याचं एक कारण चाडमधली कुत्री. गेली काही वर्षं तिथे कुत्र्यांमध्ये शेकड्यांनी नारू सापडू लागला. नारू फक्त माणसाचाच, माणूस सुटला की तो संपला, हा हिशेब तिथे चुकला. आपल्याकडे तो चुकायच्या आत काम उरकलं, हे आपलं नशीबही म्हणायचं.

मध्यंतरी एका सभेत एका तरुणाने मला पेचात पकडलं. म्हणाला, "काका, नारू तर गेला. मग आता पायऱ्या उघडायला हरकत काय?" हरकत काहीच नाही. देशात नारूचा माणूस नाही म्हणजे पाण्यात नारूची अळी नाही. जरूर उघडा, गाळ काढा, कोनाड्यातला देव धुऊन पुसून बसवा, विहिरीत पाऊस मुरू द्या, झाडांना ते पाणी द्या. माझी कुदळ अजून माळ्यावर टाकलेली नाही. पिण्याचं पाणी मात्र तळाच्या पायरीवरून ओंजळीने नको, कारण उघड्या पाण्यातून पोटात जाणारा नारू एकटाच नव्हता, बाकीचे सगळे अजून इथेच आहेत. आणि ज्यांनी एके काळी त्या बंद केल्या त्यांना अडाणी म्हणू नका. मी म्हणत होतो.

त्या आजींच्या गावची भिंत आम्ही पाडली नाही. गावकऱ्यांनी बैठक घेतली आणि भिंतीत एक लोखंडी दार बसवायचं ठरलं. दाराची किल्ली ग्रामपंचायतीत असते. पाडव्याला आजींना नारळ दिला, ओंजळ नाही.

तुमच्या भागात बारव साफ होत असेल तर दोन कामं कराच. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारा की, इथे नारू निघायचा का, किती जणांना, पायऱ्या कधी बंद झाल्या आणि कुणी केल्या. ज्यांच्या पायावर ते व्रण आहेत अशी माणसं आता झपाट्याने कमी होत आहेत, आणि तरुण डॉक्टरांनी तर नारू पुस्तकाबाहेर पाहिलेलाच नाही. मग बारवेपाशी जो फलक लावाल, त्यावर कोणत्या राजाने, कोणत्या शतकात, कोणत्या शैलीत बांधली हे लिहून झालं की खाली मिळालेलं ते सालही लिहा: अमुक साली नारूमुळे या पायऱ्या बंद केल्या. फलकावर तेवढी जागा नक्की निघते.